बत्तीस नंबरचा धूर

बेलग्रेडच्या पोस्टात रांगेत उभ्या असलेल्या दानित्साच्या मागे दोन म्हातारे गप्पा मारत होते.

“काय रे रादिसाव, बाल्कनीत मिरच्या भाजल्या की तुमच्या त्या हुशार इमारतीचा आगीचा भोंगा अजून वाजतो का?”

“छे! चार वर्षांत शिकली ती. सप्टेंबरातला धूर चटणीचा, हे तिला कळतं आता.”

“मग यंदा?”

“बायको गेली मार्चमध्ये. मी मिरच्यांचं नावच काढलं नाही. तर मोबाईलवर इमारतीचा निरोप! ‘बत्तीस नंबर, यंदा धूर नाही. बरे आहात ना?’”

“आगाऊच दिसते!”

“मीही चिडलो. पोतंभर मिरच्या आणल्या, भाजायला बसलो.”

“जमलं?”

“करपल्या! वासानं शेजारी धावत आले आणि उरलेल्या भाजून चटणीच्या बाटल्या भरायलाच बसले.”

रांग सरकली, पण दानित्सा हलली नाही.

“आणि इमारत?”

“तिचा लगेच निरोप, ‘धूर पोचला.’”