गुणी भाडेकरू

टेक्सासातल्या आमच्या गावच्या कोर्टात शिरताना सामान तपासणीची रांग होती. माझ्यापुढे एक पोरगा आणि त्याची वकीलबाई.

"वेंडेल, तडजोडीवर सही कर."

"शाळेची बस कुठे पोचली ते मी पोरांच्या आयांना फोनवर दाखवतो, हा माझा गुन्हा?"

"त्या कल्पनेचं पेटंट दावा लावणाऱ्या कंपनीकडे आहे."

"त्यांनी कधी एक तरी बस दाखवली?"

"त्यांचा धंदा दावे लावण्याचा. या कोर्टात दावा चालावा म्हणूनच इथे ऑफिस."

"काल त्यांच्या ऑफिसात गेलो. दाराला पाटी, आत खुर्चीसुद्धा नाही!"

"लढलास तर जिंकशीलही. पण तोवर तुझी कंपनी बुडेल."

मला राहवेना. "लेकरा, ती खोली माझीच. फार गुणी भाडेकरू, पाणीसुद्धा सांडत नाहीत."

"मग हाकला ना त्यांना, आजी!"

"हाकलते की! नोटीस घ्यायला आत कोणीतरी बसू दे."

पोरानं वकीलबाईकडे पेन मागितलं.