सातो-साननी दिलेला मोठ्या अक्षरांचा कागद

चॅटवर कॅपिटलमध्ये लिहिणं मी का सोडलं, ऐका. जपानमध्ये कावासाकी शहरातल्या ऑफिसात नवीन होतो. एक फाइल मिळेना, म्हणून रिटायरमेंटला आलेल्या सातो-सानना चॅटवर इंग्रजीत सगळं कॅपिटलमध्ये झापलं, "फाइल आत्ता हवी."

"सॉरी, परत पाठवतो."

मी पुन्हा कॅपिटलमध्ये. त्यांचं पुन्हा सॉरी. मग दिसलं, फाइल सकाळपासून माझ्याच इनबॉक्समध्ये पडली होती. मी ती उघडून कामाला लागलो.

दुसऱ्या दिवशी मीटिंगला सगळ्यांना साधे कागद, मला तेवढा मोठ्या अक्षरांतला. सातो-सान वाकून हळूच म्हणाले, "काल तुम्ही सगळं मोठ्या अक्षरांत लिहिलंत, तेव्हा कळलं. तुम्हाला बारीक दिसत नाही ना?"

खरं सांगायची लाज वाटली. मी कागद नाकाशी धरून वाचायला लागलो.