फलकावरची मुंबई

सन्माननीय अध्यक्ष सरपंच पुंडलिकराव, व्यासपीठावरचे पाहुणे, आजची सत्कारमूर्ती आणि माझी विद्यार्थिनी निर्मला, तिचे वडील केवळरामजी, आणि दिघोरीच्या माझ्या बंधू-भगिनींनो,

आल्यापासून आपण सगळे माझ्या मागच्या कापडी फलकाकडे पाहून हसत आहात. हसा! ‘डॉक्टरकीसाठी नागपूरला निघालेल्या निर्मलाला शुभेच्छा’ यात नागपूरखाली पुसलेली मुंबई दिसते आहे. भैय्यालाल पेंटरला बोल लावू नका. चूक माझी आहे.

पोरीला दोन्हीकडे जागा मिळाली. मुंबईचं कॉलेज केवढं नावाजलेलं! मी तिला न विचारताच मुंबईचा फलक रंगवून घेऊन मोकळा झालो. दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली.

“सर, मी मुंबईले नाई जात. नागपूरले जातो.”

“काहून? डोकं फिरलं का तुझं?”

“मले तिथं करमणार नाई. नागपूरहून सुटीत घरी येता येते, दिवाळीनंतर मंडईची जत्रा पाहता येते.”

मी भडकलोच. म्हटलं, करमणं हा काय परीक्षेतला विषय आहे?

ती शांतपणे म्हणाली, “नाई सर. पण पाच वर्षं करमलंच नाई, तं अभ्यास कोण करन?”

मंडळी, हे ऐकून मी विज्ञानाचा मास्तर सरळ भैय्यालालकडे गेलो आणि मुंबई पुसून नागपूर लिहायला सांगितलं. का, ते आज सांगून टाकतो. बासष्ट साली मीही मुंबईच्या त्याच कॉलेजात गेलो होतो. गावानं बँड लावून पाठवलं होतं, आठवतं ना? आठ महिन्यांत परत आलो आणि कावीळ झाली म्हणून सांगितलं. खरं म्हणजे मी तिथे रोज रडत होतो. एवढ्या मोठ्या नावाच्या कॉलेजात आपण दुःखी आहोत, हे सांगायची मला लाज वाटली. निर्मलाला वाटली नाही. म्हणून ही पोरगी डॉक्टर होणार, याची मला पक्की खात्री आहे.

निर्मला, आनंदानं जा आणि मंडईला ये.

अध्यक्षांनी बोलू दिलं, आपण ऐकून घेतलं, मनापासून आभार. काही उणं-अधिक बोललो असेन तर पोटात घाला.

आणि पहिल्या रांगेत माझी आई, गोदावरीबाई, बसली आहे. बावीस वर्षं ती माझी भाजी बिनतेला-तिखटाची, वेगळ्या पातेल्यात करते. आई, तू बी माफ कर. मले कावीळ कधी झालीच नव्हती. उद्यापासून मले सगळ्यांच्याच गंजातली भाजी वाढजो.