रूटात काई ठेवू नका!

...नाई, पन यात माही चूक काहून? तुमीच सांगा राजेहो! अठरा वर्षं झाली, अकोल्यातल्या एका बँकेचा कपाटाएवढा मेनफ्रेम कॉम्प्युटर मी सांभाळून राहिलो, अन् पयल्या दिवसापासून सगळ्यायले एकच सांगतो, रूटात काई ठेवू नका! रूट म्हंजे समजा झाडाचं खोड. बाकी सगळ्यायच्या फाईली वेगळ्या डिस्कवर, अन् त्या डिस्का फांद्यासारख्या या खोडाले जोडाच्या, त्यालेच माऊंट म्हनतात. खोडाले मात्र कुलूप! वाचा, पन लिवू नका. काहून? तं नवीन व्हर्जन आलं का जुनं खोड आखंच काढून नवं बसवतात. फांद्या वाचतात, खोडात कोरलेलं गेलं!

पन नियाज आयकन तं ना! माह्याच शिफ्टचा, माह्यासंगच नोकरीले लागलेला. दुरुस्तीसाठी मी दर शुक्रवारी दहा मिनिटं कुलूप उघडलं का हा अंदर! "अबे, तूच तं म्हनते ना, कुलूप लागलं का इथं कोनी एक अक्षर बदलू शकत नाई? मंग याच्याहून पक्की जागा कोनती?" आता याले काय सांगाव? त्याची बायको, हमिदाभाभी गेल्यापासून तिच्या आठवनी लिवत होता बिचारा... मले वाटलं, हलवन कवातरी फांदीवर. अरे बावा, रूटात काई ठेवू नको!

जानेवारीत नियाजच गेला. मार्चमधे नवं रूट आलं. मी वहीत यादी करून, एकेका कामावर टिक मारत, जुनी डिस्क कोरी केली. बॅकअप? रूटाचा घेतच नाई, ते कंपनीकडून परत भेटते, हा नियमबी माहाच! अन् नियाजचं?... तुमाले सांगतो, यादीतच नव्हतं!

परवा अमरावतीहून त्याची पोरगी आली, यास्मीन. पेनड्राईव्ह घेऊन! "काका, अब्बा म्हनायचे, अम्मीचं सगळं सूर्यभानच्या मशीनमधे हाय, सगळ्यात मजबूत जागी." काय झालं ते सांगतलं तिले. म्हनलं, रूटात काई...

रडली नाई पोरगी. म्हने, "जाऊ द्या काका. लिवलं का अब्बा तुमाले वाचून दाखवायचे ना? जेवढं आठवते तेवढं सांगा, मी लिवून घेते."

वाचायचा नं! दर शुक्रवारी, चहा थंडा होईपर्यंत वाचायचा! अन् मी? मी हूं हूं करत स्क्रीनकडे पाहत राहायचो... कुलूप उघडं हाय, कोनी घुसलं तं! लय आठवलं राजेहो, डोये मिटून आठवलं. नियाजचं एकच वाक्य आठवलं. तिनं वहीत तेवढंच लिवलं...

"सूर्यभान, आयकून राहिला ना बे?"