सतराव्या सोमवारचा वाटा

(जोगेश्वरी. चौथ्या मजल्यावरचं घर. सोमवारची संध्याकाळ, दिवेलागणीला अजून तासभर आहे.)

दत्ताराम : “सोळा सोमवार कर. सतराव्याला तुझ्या हातचा चुरमा खायला मी येतो. शब्द दिला.” असंच म्हणालात तुम्ही, साहेब. रेडिओवर. माझ्या सुलक्षणानं खडूनं भिंतीवर लिहून ठेवलंय, तारखेसकट.

सुशांत : काका, तुम्ही आधी पाणी प्या. आणि जरा हळू बोला, आत बायको आहे.

दत्ताराम : पाणी कसा पिऊ? पोर शनिवारपासून थेंब घेऊक नाय.

रुचिरा : कोण आलंय, अहो? वाती वळत होते, बेल ऐकू आली नाही.

सुशांत : कुणी नाही गं. म्हणजे... हे दत्ताराम काका. मालाडहून आलेत. त्या सुलक्षणाचे वडील.

रुचिरा : जिच्या फोनबद्दल आपण पोलिसांत लिहून दिलं, ती?

दत्ताराम : तीच, वैनी. दर सोमवारी तुमच्या दारात बेलाची पानं ठेवून जायची, तीच.

रुचिरा : ती पानं तिची होती? मला वाटलं, शेजारच्या आजी ठेवतात. मी ती दर सोमवारी पिंडीवर वाहत आले.

सुशांत : मला माहीत होतं. तू घाबरशील म्हणून गप्प बसलो.

रुचिरा : मनगटाला मांजरानं ओरबाडलं म्हणालात, ते?

सुशांत : तीच. अंधेरीला, स्टुडिओच्या गेटवर. हात सोडेचना, यार. फुटकी बांगडी रुतवली आणि वर म्हणते, रक्त माझंही निघालंय, आता फिटंफाट.

दत्ताराम : चुकलं तिचं. मी पाया पडतो तुमच्या.

रुचिरा : नका हो काका, असं वाकू नका. बसा. आमचा पत्ता कुणी दिला तुम्हाला?

दत्ताराम : तिच्या वहीत आहे सगळं. तुमचा मजला, लिफ्ट कधी बंद असते ते. वैनी देवळात किती वाजता जातात, कुठलं लुगडं नेसून जातात, तेसुद्धा. आज सकाळी वाचलं मी. 

सुशांत : ऐकलंस? आणि हे म्हणतात, मी तिच्या घरी जाऊन बसायचं.

दत्ताराम : दोन घास, साहेब. तिनं चुरम्याचे तीन वाटे केलेत. एक देवाचा, एक तुमचा, एक तिचा. तुमचा उचलल्याशिवाय ती तिचा उचलणार नाही. कडी आतून घातलीय. विळी उघडून मांडीशी घेऊन बसलीय. मला बाहेर काढलं आणि म्हणाली, जावयाला घेऊन या.

रुचिरा : जावयाला?

दत्ताराम : गळ्यात मंगळसूत्रपण घातलंय. चाळीत सगळ्यांना सांगितलंय.

सुशांत : वाट लागली. काका, डॉक्टर आणा, दार फोडा. मी काय देव आहे?

दत्ताराम : डॉक्टर खिडकीतून बघून गेला. म्हणाला, अशीच राहिली तर उद्यापर्यंत टिकायची नाही. पोलीस आले होते, दाराला हात लावला तर तिनं विळी मनगटाला लावली. ते म्हणाले, जिचा हट्ट आहे त्यालाच आणा, नाहीतर आम्ही दार तोडतो, पुढचं तुमचं तुम्ही बघा. सात वाजता परत येणार आहेत.

सुशांत : आणि मी गेलो की? आज चुरमा खाईन. मग अठरावा सोमवार येईल. मग एकोणिसावा. ती मला सोडेल असं वाटतं तुम्हाला? खरं सांगा.

दत्ताराम : ...नाही सोडणार.

सुशांत : बघ. बापच म्हणतोय.

दत्ताराम : बाप म्हणूनच आलोय ना पण. तिची आई गेली तेव्हा आठ दिवस शेगडी पेटली नव्हती घरात. एका सकाळी तुम्ही तिचं नाव घेऊन अभंग लावलात. म्हणालात, सुलक्षणाताई, आज थोडं खाऊन घ्या. आणि ती उठली, भात टाकला, मलापण वाढला. त्या दिवशी मी रेडिओला हात जोडले होते, साहेब.

सुशांत : चिठ्ठी आली होती, वाचली. मी सगळ्यांनाच सांगतो तसं. रोज दहा-बारा जणांना सांगतो.

रुचिरा : अहो, पण सोळा सोमवार कुठून आले? व्रत करायला का सांगितलंत तिला?

सुशांत : दिवसातून वीस फोन करायची! भेटा म्हणायची. झटकून टाकायला काहीतरी बोललो. वाटलं, तिसऱ्या सोमवारी कंटाळेल.

दत्ताराम : नुसतं तेवढंच नाही बोललात. ते वैनींचं पण.

रुचिरा : माझं काय?

सुशांत : जाऊ दे ना.

रुचिरा : तुमचा कार्यक्रम सुरू असतो तेव्हा मी पूजेला बसलेली असते. कधी ऐकलेला नाही. काका, तुम्हीच सांगा, काय म्हणाले हे?

दत्ताराम : म्हणाले, माझ्या बायकोनं सोळा सोमवार केले आणि सतराव्याला मी तिला मिळालो. तूही करून बघ. मागं हसण्याचा आवाज लावला होता. सुलक्षणा हसली नाही. तिनं कॅलेंडर काढलं.

रुचिरा : असं म्हणालात?

सुशांत : रेडिओ आहे गं तो. लोकांना असलं आवडतं. झकास बसलं होतं बोलण्यात.

रुचिरा : मी तुमच्यासाठी नव्हते केले सोळा सोमवार.

सुशांत : म्हणजे?

रुचिरा : आपलं लग्न आधीच ठरलेलं होतं. बाबा अंथरुणाला खिळले होते, त्यांच्यासाठी केले. तुम्हाला सांगितलंही होतं. तुम्ही विसरलात.

सुशांत : रुचिरा...

रुचिरा : चौदाव्या सोमवारी बाबा गेले. सुतक फिटल्यावर उरलेले दोन मी केले. आई म्हणाली, आता कुणासाठी करतेस? मी म्हटलं, देवाला सोळा बोलले होते.

दत्ताराम : तुम्हाला काय मिळालं मग, वैनी?

रुचिरा : काही नाही, काका. बाबांच्या फोटोपुढे चुरमा ठेवला, गाईला घातला आणि माझा वाटा मी खाल्ला. तेवढंच.

सुशांत : कुठे निघालीस? शाल कशाला?

रुचिरा : रिक्षेनं अर्धा तास लागेल. पोलीस परत यायच्या आत वाटा उचलायला हवा.

सुशांत : डोकं फिरलंय का तुझं? तिच्याजवळ विळी आहे!

दत्ताराम : नको, वैनीनु. तुम्ही नको. ती तुमच्यावरच खार खाऊन आहे. वहीत तुमच्या नावाची पानंच्या पानं आहेत. तिनं दोनच पाट मांडलेत.

रुचिरा : मी जमिनीवर बसेन.

सुशांत : थांब, मी जातो. मी जातो, यार. चप्पल घालू दे.

रुचिरा : तुम्ही गेलात की तिचं सगळं खरं झालं. मग तुम्हीच म्हणालात तसं, अठरावा, एकोणिसावा. आणि शब्द या घरातून गेलाय. माझं नाव घालून गेलाय. नवऱ्याचा वाटा बायकोनं उचलला तर चालतो.

सुशांत : ती दार तरी उघडेल तुला?

रुचिरा : नाही उघडलं तर उंबऱ्याशी बसून सांगेन. माझे सोळा सोमवार कसे झाले ते. ऐकेल की नाही, कुणास ठाऊक. आजवर तिनं तुमचाच आवाज ऐकलाय.

सुशांत : मला भीती वाटतेय.

रुचिरा : मलाही. माझ्या मागे या जरा. हे हूक काढून द्या.

सुशांत : मंगळसूत्र? नाही. रुचिरा, हे नाही काढायचं. बारा वर्षांत अंघोळीलासुद्धा काढलं नाहीस तू.

रुचिरा : तिच्या गळ्यात एक आहे ना. दारात दुसरं दिसलं तर ती विळी उचलेल. काढा. आणि देवापुढच्या ताटलीत ठेवा, इकडेतिकडे नको.

सुशांत : ...निघत नाहीये. अडकलंय.

रुचिरा : सावकाश. हं. निघालं.

दत्ताराम : वैनी, मी तुम्हाला काय तोंड दाखवू?

रुचिरा : तुम्ही नुसते दारापर्यंत चला. अहो, समईत तेल घातलंय. खाली गेलं तर अजून घाला, विझू देऊ नका. मी सकाळपासून निरंकार आहे, तिथल्या वाट्यानंच उपास सोडेन; परत आले तर इथे जेवेन.

सुशांत : आले तर काय? आल्यावर म्हण.

रुचिरा : आणि उद्या सकाळी कार्यक्रमात कुणालाही काही करायला सांगू नका.

सुशांत : रुचिरा, आल्यावर म्हण ना.

रुचिरा : चला, काका. लिफ्ट बंद आहे. कठडा धरून उतरा.