कंपनीचा राउटर

आपण स्वतःचा राउटर लावला ना, की नेट बंद पडल्यावर कंपनीवाले आधी त्यालाच दोष देतात. मागच्या आठवड्यात सिडकोतल्या आमच्या घरचं नेट गेलं. उगाच वाद नको, म्हणून त्यांचा माणूस यायच्या आत मी माझा राउटर कपाटात टाकला आणि टीव्हीमागे पडून असलेला कंपनीचा जोडून ठेवला.

माणूस आला, बघून खूश. “हे बरंय सर. लोक बाहेरचा लावतात अन् शिव्या आम्हाला घालतात.” मग जरा वाकून म्हणाला, “काकू, याला हळद-कुंकू कुणी लावलं?”

आई चहा देत म्हणाली, “मीच, दसऱ्याला. पूजेपुरताच आहे तो. नेट ज्याच्यावर चालतं, तो ह्याने आत्ताच कपाटात लपवलाय.”