मालिकेतल्या डॉक्टरांचा सल्ला

सांगून कोणाला खरं वाटणार नाही, पण हे मी दवाखान्याच्या बाकावर बसून माझ्या या दोन कानांनी ऐकलं. शेजारी गुडघ्याचा एक्स-रे घेतलेली सासू, आणि ऑपरेशनच्या कागदावर तिची सही मागणारी सून.

"करा ना सही, आई. उद्या सकाळी ऑपरेशन आहे."

"नाही करणार. मालिकेतल्या डॉक्टरांनी नको म्हणून सांगितलंय."

"अहो, ते नट आहेत!"

"नट असतील त्यांच्या घरी. मला भेटले तेव्हा अंगात पांढरा कोट होता."

"भेटले? कधी?"

"परवा शुक्रवारी. भाजी घेत होते. उन्हात धरून बघितला बिचाऱ्यांनी माझा एक्स-रे."

"मग?"

"म्हणाले, 'आजी, मी खरा डॉक्टर नाही.' एवढा मोठा माणूस, पण गर्व म्हणून नाही! मग म्हणाले, गुडघ्याला कोणाला हात लावू देऊ नका."

"आता तेच म्हणाले असतील तर..." सुनेने कागदाची घडी घातली.

तेवढ्यात टेबलामागून नर्स कडाडली, "खोटं बोलता, आजी! ते डॉक्टर मंगळवारच्या भागातच वारले. आमचा सगळा वॉर्ड रडला. शुक्रवारी भाजी कसली घेतायत?"